फुलांचं फिरतं दप्तर

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कधी कधी नुसतंच एक जोतं दिसतं. घर केव्हाच पडलेलं, लाकूड कुणीतरी उचलून नेलेलं, विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकलेल्या. पण मे महिना आला की त्या जोत्याच्या कडेनं फुलांची रांग उभी राहते. गुडघाभर दांडे, वरच्या पाकळ्या पिवळ्या, खालच्या तांबूस-तपकिरी. कधीकाळी त्या घरातल्या कुणीतरी लावलेले हे आयरिसचे गड्डे. पाणी घालणारं, खुरपणारं कुणी उरलेलं नाही, तरी फूल दर वर्षी येतं. त्याचं नाव मात्र कुणालाच सांगता येत नाही.

जुन्या आयरिस जमवणाऱ्यांना अशी बिननावाची झाडं स्वस्थ बसू देत नाहीत. मालकाची परवानगी घेऊन ते एखादा गड्डा घरी नेतात, लावतात, फुलाची वाट बघतात आणि मग कागदांकडे वळतात. कारण उत्तर कागदांतच असतं. रोपवाटिकेच्या जुन्या यादीत, एखाद्या संस्थेच्या पिवळ्या पडलेल्या पत्रिकेत, केव्हाच वारलेल्या कुणा छांदिष्टाच्या वहीत. अडचण अशी की झाड असतं आडगावच्या शेतात आणि कागद असतात शेकडो मैलांवरच्या कपाटात. या दोघांची गाठ पडायची तर कुणाला तरी प्रवास करावा लागतो. जोत्याकाठची झाडं काही कपाटापर्यंत जाऊ शकत नाहीत. म्हणून कागदांनी बाहेर पडायचं. वनस्पतींच्या छंदातून उभ्या राहिलेल्या संस्था आपलं जुनं दप्तर फिरत्या प्रदर्शनांतून गावोगाव नेतात, त्यामागचं खरं कारण हे आहे.

आयरिस हे काही मराठी अंगणातलं झाड नव्हे. त्याला थंडी लागते. जमिनीलगत आल्या-हळदीसारखा गड्डा, त्यातून वेखंडाच्या पात्यासारखी उभी, चपटी पानं आणि मधून फुलांचा दांडा. केशर ज्या कुळातलं, त्याच कुळातलं हे झाड. फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या राहून घुमट करतात, तीन खाली झुकतात. बागांमध्ये सर्वांत लोकप्रिय असलेल्या प्रकारात खालच्या पाकळीवर मऊ केसांची एक पट्टी असते, तिला दाढी म्हणतात. रंग इतके की ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवीचं नाव या फुलाला मिळालं. काश्मीरमध्ये कबरींवर आयरिस लावण्याची जुनी रीत आहे. पश्चिम आशियातली एक पांढरी आयरिस अशीच कबरींच्या सोबतीनं मुस्लिम जगात पसरली आणि पुढे स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोपर्यंत गेली. उन्हातान्हात, दुर्लक्षात तग धरणारं झाड असल्यामुळे माणसं गेल्यावरही ते मागे राहतं.

या झाडाच्या नावाला एवढं महत्त्व का, हे हापूसच्या उदाहरणावरून चटकन कळतं. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून कलम बांधतात. आयरिसचंही तसंच. बी पेरलं तर दर रोप वेगळं निघतं, पण गड्डा तोडून लावला तर झाड हुबेहूब तेच येतं. म्हणजे १८४० साली पॅरिसजवळच्या बेलव्हिल इथे लेमों नावाच्या बागवानानं जी आयरिस विकायला काढली, तिचा गड्डा हातोहाती फिरत आज कुणाच्या परसात असेल, तर ते झाड तिची नक्कल नव्हे, तेच झाड आहे. लेमोंनं त्या वर्षी शंभर जातींची यादी छापली होती. नाव हरवलं की त्या झाडामागचा माणूस, त्याचं गाव, त्याची मेहनत सगळंच हरवतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही नावं भलतीच घोटाळ्यात सापडली होती. एकच आयरिस चार रोपवाटिका चार नावांनी विकत आणि एकाच नावाखाली चार वेगळी झाडं मिळत. हा गोंधळ निस्तरायचा म्हणून २९ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये काही शास्त्रज्ञ, रोपवाटिकावाले आणि हौशी बागकाम करणारे लोक एकत्र आले आणि अमेरिकन आयरिस सोसायटी स्थापन झाली. जॉन विस्टर हे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी संस्थेची पत्रिका निघू लागली. नावांची छाननी करून एथेल अ‍ॅन्सन पेकहॅम यांच्या देखरेखीखाली १९२९ आणि १९३९ साली मोठ्या नामसूची निघाल्या. पुढे दर दहा वर्षांनी अशी सूची काढायची प्रथा पडली. १९५५ पासून तर कंदवर्गी सोडून बाकी सगळ्या आयरिसच्या नव्या जातींची जागतिक नोंदणी याच संस्थेकडे आली.

या सूचीतली एक नोंद जवळून पाहण्यासारखी असते. जेमतेम दोन-तीन ओळी. आधी जातीचं नाव, मग ती तयार करणाऱ्याचं आडनाव आणि साल, मग उंची, बहराचा हंगाम आणि रंग सांगणारी सांकेतिक अक्षरं, शेवटी ती कोणकोणत्या रोपवाटिकांच्या कोणत्या सालच्या यादीत आली होती त्याचे उल्लेख. खताच्या पावतीएवढी जागा, पण तेवढ्यात झाडाचा जन्मदाखला आणि सगळा प्रवास येतो. मात्र नुसत्या सांकेतिक अक्षरांवरून समोरचं फूल ओळखता येत नाही. त्यासाठी रोपवाटिकांच्या सचित्र याद्या लागतात आणि नेमक्या त्याच मिळणं कठीण. गेल्या वर्षीचं पंचांग जसं घरात कुणी ठेवत नाही, तशी गेल्या हंगामाची यादी अमेरिकन घरातही कुणी जपून ठेवली नाही. म्हणून लाखोंनी छापलेला हा कागद आज दुर्मीळ आहे.

संस्थेच्या दप्तरात अशा याद्यांबरोबर बरंच काही येतं. संकर करून नव्या जाती काढणाऱ्या संकरकारांच्या वह्या, पत्रव्यवहार, अधिवेशनांच्या पुस्तिका, पारदर्शिका (स्लाइड), पदकं. उदाहरणार्थ, इंडियाना राज्यातलं ब्लफ्टन हे छोटं गाव. तिथले ई. बी. विल्यमसन पेशानं बँकेतले, चतुर या कीटकांचे नाणावलेले अभ्यासक आणि आयरिसचे वेडे. त्यांच्या घरच्या लाँगफील्ड आयरिस फार्ममधून १९३६ मध्ये ‘वॉबाश’ नावाची आयरिस बाहेर पडली. वरच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, खालच्या गडद जांभळ्या आणि त्यांना पांढरी कड. तिथून वाहणाऱ्या नदीचंच नाव तिला दिलं. १९४० मध्ये तिला डाइक्स पदक मिळालं. ‘द जीनस आयरिस’ हा १९१३चा ग्रंथ लिहिणारे इंग्रज अभ्यासक विल्यम रिकॅट्सन डाइक्स यांच्या नावानं दिला जाणारा हा या क्षेत्रातला सर्वोच्च मान. त्याच ब्लफ्टनमध्ये पॉल कुक राहत. त्यांच्या तीन आयरिसना पुढे हे पदक मिळालं. एवढ्याशा गावात आयरिसच्या इतिहासाची ही दोन घराणी, आणि ही गोष्ट ब्लफ्टनच्या पोरांना कळायची तर ती त्यांच्या वाचनालयात, त्यांच्या डोळ्यांसमोर मांडावी लागते.

खरं तर या संस्थांचं दप्तर पहिल्यापासून फिरतंच होतं. त्याला प्रदर्शन म्हणत नसत इतकंच. आयरिसवाल्यांमध्ये ‘रॉबिन’ नावाची पत्रांची एक साखळी असे. आठ-दहा सभासदांचा गट. एक जाडजूड पाकीट पोस्टानं एकाकडून दुसऱ्याकडे जाई. पाकीट आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं मागच्या फेरीचं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि पुढच्याला रवाना करायचं. त्यात फोटो असत, बिया असत. फुलाचा पराग तर पोस्टानं सर्रास फिरे. बुटक्या आयरिसचा आज लोकप्रिय असलेला एक सबंध वर्ग अशाच देवघेवीतून जन्माला आला. १९४०च्या दशकात ब्लफ्टनचे पॉल कुक आणि टेनेसीतल्या नॅशव्हिलचे गेडिस डग्लस यांनी एकमेकांना पराग पाठवले. एकाकडे लहानखुरी रानटी आयरिस, दुसऱ्याकडे उंच बागायती. दोन्हींचा बहर एकाच वेळी, एकाच गावात येत नाही, ती अडचण टपालानं सोडवली.

पुढे पारदर्शिकांचे संच आले. गावच्या मंडळानं मागणी करायची, संच यायचा, सभागृहातले दिवे मालवून तो पडद्यावर बघायचा आणि खोक्यात भरून परत पाठवायचा. ग्रामीण केंटकीत किंवा कॅन्ससमध्ये राहणाऱ्या सभासदानं कॅलिफोर्नियातलं नवं फूल पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा असंच. संस्थेचं वार्षिक अधिवेशनही दर वर्षी वेगळ्या शहरात भरतं. त्यासाठी देशभरातले संकरकार आपले गड्डे यजमान बागांकडे दोन-तीन वर्षं आधीच पाठवतात, म्हणजे अधिवेशनाच्या आठवड्यात ते तिथल्या मातीत रुजून फुललेले असतात. त्यांना पाहुण्या आयरिस म्हणतात. याहून जिवंत फिरतं प्रदर्शन सापडणं अवघड.

अशीच एक मोठी गोष्ट काचेच्या चित्रांची आहे. १९१३ मध्ये फिलाडेल्फियात गार्डन क्लब ऑफ अमेरिका ही बागप्रेमींची संस्था स्थापन झाली. १९२० आणि १९३०च्या दशकांत तिनं देशभरातल्या बागांची छायाचित्रं काचेवर उतरवून घेतली. सव्वातीन इंच बाय चार इंचांची काच, तिच्यावर कृष्णधवल छायाचित्र, त्यावर बारीक कुंचल्यानं हातानं भरलेले रंग, वर संरक्षणाला दुसरी काच आणि चारी कडांना कागदी पट्टी. दिव्याच्या यंत्रात घातली की भिंतभर बाग उमटायची. व्याख्यानांसाठी या काचा जपून हाताळत वापरल्या जात. मग मंदी आली, महायुद्ध आलं. माळी ठेवणं परवडेना, मोठ्या इस्टेटींचे तुकडे झाले, बागांवरून रस्ते गेले. काचा विस्मरणात गेल्या. त्या पुन्हा शोधून, एकत्र करून संस्थेनं स्मिथसोनियन या संग्रहालयसंस्थेला दिल्या आणि १९८७ मध्ये तिथं अमेरिकन बागांचा संग्रह उभा राहिला. या रंगीत काचा सुमारे तीन हजार आहेत. त्यांतल्या कित्येक बागा आज फक्त त्या काचेवरच शिल्लक आहेत.

स्मिथसोनियनकडे १९५२ पासून फिरत्या प्रदर्शनांचा वेगळा विभाग आहे. त्यानं आणि बागविभागानं मिळून या संग्रहाच्या आधारानं महायुद्धोत्तर अमेरिकन परसदारावर एक प्रदर्शन केलं आणि ते देशातल्या संग्रहालयांमध्ये फिरवलं. युद्धानंतर शहराबाहेर नवी घरं उठली, घरामागच्या भाजीच्या वाफ्यांची जागा हिरवळीनं, फरसबंदीनं आणि पोहण्याच्या हौदानं घेतली. ही गोष्ट बघायला येणाऱ्यांनी स्वतः जगलेली होती. आपल्या आईवडिलांचं परसदार भिंतीवर बघून माणसं थांबली, बोलू लागली, तर त्यात नवल काही नाही. छोट्या गावांसाठी या विभागाचा आणखी एक उपक्रम १९९०च्या दशकापासून चालू आहे. मोठं संग्रहालय नसलेल्या गावांच्या वाचनालयात, जुन्या इमारतीत तो मांडला जातो आणि प्रत्येक गाव त्याला स्वतःच्या वस्तूंची जोड देतं.

अस्सल कागद असा गावोगाव फिरवता येत नाही. जलरंग आणि जुनी शाई उजेडात फिकी पडतात आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालयांत जलरंगाच्या चित्रांवर साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. खिडकीजवळच्या दुपारच्या उजेडाच्या मानानं हा फारच मंद प्रकाश. तोही काही महिनेच, मग चित्राला वर्षानुवर्षं अंधारात विश्रांती. दमटपणा वाढला की कागद फुगतो, बुरशी धरतो. कोरडा झाला की कडा कुरकुरीत होऊन तुटतात. ग्रामीण सभागृहाच्या उन्हं येणाऱ्या व्हरांड्यात शंभर वर्षांपूर्वीचं पत्र टांगणं म्हणजे ते घालवणंच.

म्हणून बहुतेक फिरत्या प्रदर्शनांत अस्सलाची नक्कल जाते. मूळ चित्राचं बारकाईनं छायाचित्रण करून, रंग ताडून, ते टिकाऊ शाईनं कागदावर किंवा कापडी पडद्यावर छापतात. पडदा गुंडाळून नळीत बसतो, गाडीच्या मागच्या सीटवर मावतो, दोन माणसं तासाभरात उभा करतात. खोकी अशी बेतलेली असतात की प्रत्येक वस्तूचा खळगा ठरलेला. सोबत एक तपासवही असते. खोकं उघडल्यावर आणि बंद करताना प्रत्येक फलकावर ओरखडा आहे का, कोपरा दुमडलाय का, हे लिहून सही करायची. पुढच्या गावाला ते तसंच्या तसं मिळावं म्हणून. अस्सल वस्तू द्यायचीच असेल तर एखादीच, आणि ती टिकाऊ निवडतात. पितळी पदक, फुलाचे दांडे खोवायची जुनी भांडी, जस्ताच्या पाट्या.

मजकूर लिहिणं हे त्याहून कठीण काम. संस्थेच्या सभासदाला सगळं माहीत असतं, म्हणून तो सगळं लिहू पाहतो. वाचनालयात मुलीला घेऊन आलेल्या आईला मात्र फलकापुढे अर्धं मिनिटच असतं. तेवढ्यात तिला एक फूल, एक माणूस आणि एक गोष्ट मिळाली पाहिजे. म्हणून चांगली प्रदर्शनं मोजकेच फलक ठेवतात आणि उरलेलं दप्तर चाळायला टेबलावर जुन्या याद्यांच्या प्रती मांडतात.

नक्कल कमी प्रतीची असं मानायचं कारण नाही. लंडनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या ऑर्किड समितीनं १८९७ पासून, पारितोषिक मिळालेल्या ऑर्किडचं चित्र काढून ठेवण्याचा नेम केला. रंगीत छायाचित्रणाची सोय नव्हती आणि पुढच्या वर्षी आलेलं फूल गेल्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा खरंच सरस आहे का, हे परीक्षकांना ताडायचं होतं. हे काम नेली रॉबर्ट्स या तरुण चित्रकर्तीला मिळालं. पन्नासहून अधिक वर्षं ती ही चित्रं काढत होती. फूल कोमेजायच्या आत, आकार मोजून, ठिपका न् ठिपका जागच्या जागी. तिची हजारो चित्रं आज संस्थेच्या लिंडली ग्रंथालयात आहेत. त्या मूळ कागदांना जपणं भाग आहे, पण त्यांतली फुलं नकलेच्या रूपानं कुठल्याही गावच्या ऑर्किडप्रेमींसमोर जाऊ शकतात. तिनं चित्रं काढली ती फुलं ओळखायला, ताडायला, आणि नक्कल पाहूनही तेच काम होतं.

काही संस्था तर दप्तर आणि झाड एकाच टेबलावर आणतात. इंग्लंडच्या उत्तरेला वेकफिल्डमध्ये १८३६ पासूनची एक ट्युलिप संस्था आहे. एकोणिसाव्या शतकात कारागीर, विणकर, रेल्वेचे कामगार अशा माणसांनी तिथं ट्युलिपची मंडळं काढली होती. अशी मंडळं शेकड्यांनी होती, टिकली ती ही एक. मे महिन्यातल्या तिच्या प्रदर्शनात जुन्या इंग्लिश ट्युलिप आजही तपकिरी बिअरच्या बाटल्यांत उभ्या करतात. पूर्वीपासूनची रीत ती. बाटलीचं तोंड अरुंद, त्यात एकच दांडा ताठ उभा राहतो आणि बघणाऱ्याची नजर थेट पाकळीवरच्या ज्वाळेसारख्या रेघांवर जाते. तिथली ‘सॅम बार्लो’ ही जात टॉम स्टोरर नावाच्या डर्बीच्या इंजिन ड्रायव्हरनं तयार केली होती. आपले कंद तो रेल्वेच्या बांधावर लावत असे. ही जात अजून सभासदांच्या हाती आहे, कारण संस्था आपले कंद सभासदांमध्ये वाटत राहते.

आयरिसवाल्यांनीही हाच मार्ग धरला. जुन्या जाती वाचवण्यासाठी १९८८ मध्ये अमेरिकन आयरिस सोसायटीची एक शाखा सुरू झाली. तीस वर्षांहून जुनी जात ती ‘ऐतिहासिक’ अशी त्यांची व्याख्या. दुर्मीळ जाती वेगवेगळ्या राज्यांतल्या सभासदांच्या बागांत वाटून ठेवायच्या, म्हणजे एका ठिकाणी पूर आला, रोग पडला तरी दुसरीकडे झाड राहतं. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरमध्ये १९२७ पासूनची प्रेस्बी आयरिस बाग तर शेकडो जाती नावनिशीवार सांभाळते. फ्रँक प्रेस्बी हे संस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी एक. त्यांच्या स्मरणार्थ गावानं ती उभी केली.

प्रदर्शन गावात जातं तेव्हा ते काही देतं, तसंच घेऊनही येतं. खोक्यात भरून नेलेल्या यादीपुढे एखाद्या आजीबाई थांबतात आणि सांगतात, असला कागद आमच्या माळ्यावर आहे. कुणाकडे वडिलांची संकराची वही असते, कुणाकडे पाटी लावलेल्या फुलांच्या पारदर्शिकांची पेटी. छांदिष्ट माणूस गेला की घरच्यांना त्या पेटीचं काय करावं कळत नाही आणि ती बहुतेकदा घर आवरताना रद्दीत जाते. संस्थांच्या दप्तराची सर्वांत मोठी गळती आग किंवा वाळवीनं होत नाही, अशी होते. गावात आलेलं प्रदर्शन ही पेटी रद्दीत जाण्याआधी तिला ओळखणारं माणूस दारात आणून उभं करतं. म्हणून अनुभवी संस्था प्रदर्शनासोबत छायाचित्र काढायची सोय ठेवतात. कागद न्यायचा नाही, तिथंच त्याची प्रत घ्यायची आणि मालकाच्या हाती परत द्यायचा.

यातलं मराठी मुलखाला परकं काहीच नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाऊन उभी राहते. वनस्पतींचं दप्तरही इथं थोडंथोडकं नाही. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी स्थापलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. सखाराम अर्जुन तर वनस्पतिशास्त्राचेच जाणकार. याच संस्थेच्या नियतकालिकातून ब्लॅटर आणि मिलार्ड यांनी भारतातल्या सुंदर वृक्षांवर लेखमाला लिहिली, तिचं १९३७ मध्ये पुस्तक झालं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं आणि तिथं बागकामाची आवड असलेलं अर्धं पुणं लोटतं.

पुण्याजवळच्या दापोडीची गोष्ट तर अजून सांगायची राहिली आहे असंच म्हणावं लागेल. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात तिथं सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झालं. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख झाले. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही तेच. १८४७ ते १८५०च्या सुमारास त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची चित्रं करून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सुरेख पुस्तक केलं. चित्रातल्या झाडांची नावं माहीत आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कागदांत नाही. या चित्रांच्या उत्तम प्रती दापोडीच्या, पिंपरीच्या शाळांतून आणि जानेवारीच्या त्या पुष्पप्रदर्शनातून फिरल्या, तर ज्या मातीत ती फुलं रंगवली तिथल्या माणसांना ती पहिल्यांदा दिसतील. कुणी सांगावं, त्या चित्रकाराच्या घराण्याचा धागा गोव्यात किंवा वसईत कुणाच्या जुन्या पेटीत असेलही.

अमेरिकेतल्या आयरिसचं प्रदर्शन बहराच्या मागोमाग न्यायची सोय निसर्गानंच केलेली आहे. टेक्ससमध्ये आयरिस एप्रिलमध्ये फुलते, मिसुरीत मे महिन्यात, मिनेसोटात जूनमध्ये. खोकी दक्षिणेकडून निघाली तर प्रत्येक गावी ती बरोबर फुलांच्या आठवड्यात पोहोचू शकतात. मग सभागृहात फलक आणि दाराशी एक रिकामं टेबल. त्यावर पाणी भरलेल्या बाटल्या. आपल्या परसातलं बिननावाचं फूल आणा, असं आमंत्रण. फूल आलं की उंची मोजायची, दांड्यावर कळ्या किती ते मोजायचं, दाढीचा रंग, पानाच्या बुडाशी जांभळी छटा आहे का, वास कसा आहे, हे लिहायचं आणि टेबलावरच्या जुन्या यादीशी ताडायचं. जाणकार या कामात घाई करत नाहीत. दोन-तीन हंगाम फूल पाहिल्याशिवाय, नाव असलेल्या झाडाशेजारी लावून बघितल्याशिवाय ते पाटी लिहीत नाहीत. चुकीच्या नावाची पाटी लागली की तीच खरी समजून पुढची माणसं गड्डे वाटत सुटतात, त्यापेक्षा बिननावाचं राहिलेलं बरं.

आणि कधी तरी सगळं जुळतं. वरच्या पाकळ्या पिवळ्या, खालच्या तांबूस-तपकिरी, उंची गुडघाभर, बहर मे महिन्यात. पडक्या जोत्याच्या कडेला कुणीतरी गुडघे टेकून बसतं आणि मातीत जस्ताची एक पट्टी खोचतं. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, कारण पेन्सिलीची खूण जस्तावर शाईपेक्षा जास्त टिकते: ‘ऑनोराबिल’, लेमों, १८४०.